भाव, कमाई आणि मधली वर्षं

मुदखेडच्या आसपास जमिनीचा सौदा निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘एकरी काय भाव?’ आणि त्याच्या मागोमाग दुसरा, ‘निघतं किती?’ मोगरा, गुलाब, झेंडू अशा फुलशेतीसाठी मराठवाड्यात नावाजलेल्या या तालुक्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही. दसऱ्याच्या आठवड्यात झेंडूला जो दर मिळतो, तो धरून कोणी वर्षाचा हिशेब मांडत नाही. जाणता शेतकरी विचारतो, गेल्या चार-पाच वर्षांत खर्च जाऊन हाती काय राहिलं? समजा, एकराची किंमत २० लाख रुपये आहे आणि सरासरी वर्षाला हाती १ लाख राहतात. म्हणजे ती जमीन आपल्या वीस वर्षांच्या कमाईला विकली जात आहे. शेअर बाजारात ‘पीई’ म्हणून सांगितला जाणारा आकडा हाच. फरक इतकाच की जमीन घेताना मागची पाच वर्षं विचारणारा माणूस शेअर घेताना ती विचारत नाही.

नांदेड-लातूरकडच्या घरांना शेअर नवा नाही. भाऊराव चव्हाण, मांजरा, विकास अशा सहकारी साखर कारखान्यांचे शेअर इथल्या ऊस उत्पादकांकडे वर्षानुवर्षं आहेत. पण त्या शेअरला बाजारात भाव फुटत नाही. तो सभासदत्वासाठी असतो, ऊस घालण्याच्या हक्कासाठी असतो. कारखान्याला चांगला नफा झाला म्हणून कोणी आपला शेअर चढ्या भावाने विकायला काढत नाही, त्यामुळे भाव आणि कमाई यांची सांगड घालण्याची वेळच सभासदावर येत नाही. २०२० नंतर चित्र पालटलं. मार्च २०२० मध्ये देशात शेअर ठेवण्याची सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये ती पंधरा कोटींच्या वर गेली. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र सगळ्यांत पुढे आहे. तालुक्याच्या गावातला शिक्षक, दुकानदार, नुकता नोकरीला लागलेला मुलगा, सगळे मोबाइलवरून शेअर घेऊ लागले. त्या पडद्यावर कंपनीच्या नावाखाली आजचा भाव, वर्षातला उच्चांक, नीचांक आणि पीई असे आकडे दिसतात. पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त, जास्त म्हणजे महाग, अशी समजूत त्यातून रुजते. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे.

गणित साधं आहे. कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा भागिले एकूण शेअर, म्हणजे एका शेअरमागची कमाई. शेअरच्या भावाला या कमाईने भागलं की पीई मिळतो. शेअर ६०० रुपयांना आहे आणि त्यामागे वर्षाला ३० रुपये कमाई आहे, तर पीई २०. हेच उलटून मांडलं तर जास्त उपयोगी पडतं: भाव म्हणजे कमाई गुणिले पीई. शेअरचा भाव वाढतो तो दोनच वाटांनी. एकतर कंपनी जास्त कमावते, नाहीतर त्याच कमाईसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार होतात. पहिली वाट कारखान्यात, कार्यालयात, बाजारपेठेत ठरते. दुसरी लोकांच्या मनात. कोणत्या वर्षी कोणत्या वाटेने भाव चढला, हे एका दिवसाच्या पीईवरून कळत नाही. त्यासाठी वर्षांची रांग मांडावी लागते.

ही रांग मांडायला महाराष्ट्रातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण खानदेशात आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केली. खानदेशातलं तेलबियांचं पीक, त्यावर वनस्पती तुपाचा कारखाना, असा तो व्यवसाय. १९६६ मध्ये प्रेमजी वारले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट सोडून परतला आणि कारभार पाहू लागला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत या कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाय टाकला. कंपनीचं नाव आता विप्रो झालं होतं. अमळनेरमधल्या अनेक घरांनी हे शेअर जुन्या काळात, वनस्पती तुपाच्या कंपनीचे म्हणून घेतले आणि पुढच्या पिढीकडे दिले. त्या घरांना मिळालेल्या संपत्तीच्या कथा महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत, पण निम्म्याच सांगितल्या जातात.

उरलेली निम्मी कथा फेब्रुवारी २००० ची आहे. संगणक कंपन्यांच्या शेअरना तेव्हा उधाण आलं होतं. विप्रोचा २ रुपये दर्शनी किमतीचा शेअर दहा हजार रुपयांच्या जवळ पोचला. कंपनीचे सुमारे २३ कोटी शेअर होते, म्हणजे सगळ्या कंपनीची बाजारातली किंमत सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या आसपास गेली. त्या आर्थिक वर्षाचा नफा मात्र अडीचशे कोटींच्या आतला होता. पीई नऊशेच्या घरात. तीन चतुर्थांशाहून अधिक शेअर प्रवर्तकांकडेच होते. बाजारात फिरणारे थोडे आणि घेणारे फार, त्यामुळे भाव आणखी ताणला गेला.

पुढच्याच वर्षी कंपनीने निराश केलं असतं, तर ही गोष्ट समजायला सोपी होती. पण तसं झालं नाही. मार्च २००१ ला संपलेल्या वर्षात विप्रोचा नफा साडेसहाशे कोटींच्या पुढे गेला, जवळजवळ अडीच-तीन पट. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही दाखल झाली. आणि सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, भारतातला शेअर हजार रुपयांच्या खाली आला होता. कमाई तिपटीच्या जवळ, भाव दहाव्या हिश्श्यावर. पीई नऊशेवरून तिशीच्या आसपास. वर्तमानपत्रात ‘विप्रोचा विक्रमी नफा’ वाचणाऱ्या आणि घरात बुडालेले पैसे मोजणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उमगणं कठीण गेलं असणार.

रांग पुढे न्यावी. २००९-१० मध्ये नफा सुमारे ४,६०० कोटी, कंपनीचं बाजारमूल्य लाख कोटींच्या थोडं वर, पीई बावीस-तेवीस. २०२३-२४ मध्ये नफा सुमारे ११,००० कोटी, बाजारमूल्य अडीच लाख कोटींच्या आसपास, पीई पुन्हा बावीस-तेवीस. म्हणजे चोवीस वर्षांत नफा चाळीस पटींहून अधिक वाढला आणि पीई तितक्याच पटीने आटला. दोन्हींचा गुणाकार केला तर कंपनीची किंमत जेमतेम होती तिथेच. बोनस शेअरचा हिशेब धरून फेब्रुवारी २००० मधला भाव पुन्हा दिसायला २०२० साल उजाडावं लागलं. वीस वर्षं! तेवढ्या काळात बँकेतली मुदत ठेव चौपट-पाचपट झाली असती.

इथे बोनस शेअरबद्दल सांगायलाच हवं, कारण जुना भाव आणि नवा भाव शेजारी ठेवून लोक सर्रास चुकतात. विप्रोने २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि पुन्हा २०२४ मध्ये बोनस, म्हणजे असलेल्या शेअरमागे मोफत नवे शेअर, दिले. २००० मधला एक शेअर २०१९ पर्यंत साडेसव्वीसच्या वर शेअर झाला. त्यामुळे ‘तेव्हा दहा हजार, आता काहीशे’ ही तुलना निरर्थक आहे. शेअर वाढले की प्रत्येक शेअरमागची कमाई त्याच प्रमाणात घटते आणि भावही. पीईवर बोनसचा परिणाम होत नाही, आणि वर्षांची तुलना करायला पीई उपयोगी पडतो तो याच कारणाने. शिवाय २०१३ मध्ये विप्रोने साबण, दिवे वगैरे ग्राहकोपयोगी व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढला. अमळनेरचा कारखानाही तिकडेच गेला. एका नावाखाली चाललेली कंपनी वीस वर्षांनी तीच राहिलेली असते असं नाही, हेही रांग मांडताना ध्यानात ठेवायचं.

मग अमळनेरच्या जुन्या भागधारकांचं भलं कशामुळे झालं? त्यांनी शेअर घेतले तेव्हा वनस्पती तुपाच्या एका लहान कंपनीच्या कमाईसाठी कोणी शेकडो पट मोजत नव्हतं. कमाई वाढत गेली, पीईही वाढत गेला, आणि दोन्ही वाटा त्यांच्या बाजूने चालल्या. २००० मध्ये घेणाऱ्यासाठी एक वाट वर जात होती आणि दुसरी खाली. कंपनी एक, कारभार एक, निकाल वेगवेगळे.

डीमॅट खाती उघडण्याची लाट आली त्या काळातही विप्रोत हेच छोट्या प्रमाणात घडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेअर सातशेच्या पुढे गेला, पीई तेहतीसच्या आसपास. एप्रिल २०२३ मध्ये तोच शेअर साडेतीनशेच्या जवळ होता, पीई सतराच्या आसपास. या दीड वर्षात नफा किती घसरला? २०२१-२२ मध्ये १२,२०० कोटींच्या वर होता, २०२२-२३ मध्ये ११,३०० कोटींच्या वर. सात-आठ टक्क्यांची घट. भाव मात्र निम्मा. करोनाच्या काळात जगभरातल्या कंपन्यांनी संगणकीकरणावर केलेला खर्च असाच चढता राहील, असं बाजाराने धरलं होतं. ते धरणं सुटलं, एवढंच.

दैनंदिन वापराच्या वस्तूंचा धंदा याहून शांत वाटतो, पण तिथेही पीईने दशक खाल्ल्याचं उदाहरण आहे. आजची हिंदुस्तान युनिलिव्हर, तेव्हाची हिंदुस्तान लिव्हर, २००० च्या सुरुवातीला कमाईच्या पन्नास पटींहून अधिक भावाला विकली जात होती. साबण, चहा, पावडर गावोगावच्या दुकानांत खपत राहिले. वार्षिक नफा १,३०० कोटींवरून दहा वर्षांत २,२०० कोटींपर्यंत पोचला. तरी २०१० मध्ये शेअरचा भाव २००० च्या उच्चांकापेक्षा खालीच होता, कारण पीई पंचविशीच्या आसपास आला होता. नंतरच्या दशकात तो पुन्हा साठीच्या पुढे गेला. त्या शेअरने २०१० नंतर जे भरभरून दिलं, त्यात कंपनीच्या कमाईइतकाच बदललेल्या पीईचा वाटा आहे.

आतापर्यंत भावाची बाजू पाहिली. भागाकाराच्या खालची बाजू, म्हणजे कमाई, तीही तितकीच फसवी असते.

मुंबईच्या बॉम्बे डाइंगचा २०२३-२४ चा निकाल यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. वाडिया समूहाची ही १८७९ सालची कंपनी. आदल्या वर्षी ती मोठ्या तोट्यात होती. २०२३-२४ मध्ये तिने सुमारे २,९०० कोटींचा निव्वळ नफा दाखवला, आणि मार्च २०२४ मध्ये सगळ्या कंपनीची बाजारातली किंमत त्या नफ्याहून थोडीच जास्त होती. पीई एकच्या आसपास! नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, एका वर्षाच्या कमाईत कंपनी पदरात पडते आहे. पण निकालाच्या तक्त्यात नफ्याच्या वर ‘अपवादात्मक बाबी’ अशी एक ओळ असते. सगळं उत्तर त्या ओळीत होतं. कंपनीने वरळीतली सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला सुमारे ५,२०० कोटींना विकायचा व्यवहार केला होता. गिरणीची जमीन एकदाच विकता येते. पुढच्या वर्षाची कमाई कापडातून, पॉलिस्टरमधून आणि बांधकामातून येणार, आणि ती किती येईल हे त्या पीईमध्ये कुठेच नव्हतं.

दुसरा प्रकार चढउताराच्या धंद्यांचा. पोलाद, साखर, रसायनं, सिमेंट यांचा नफा मालाच्या दराबरोबर हेलकावे खातो. २०२१-२२ मध्ये जगभर पोलादाचे दर भडकले आणि टाटा स्टीलने ४१,००० कोटींच्या वर नफा कमावला. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावलं, शेअर पडला, आणि जूनमध्ये पीई तीनच्याही खाली आला. एवढा कमी आकडा पाहून अनेकांना तो शेअर फुकट मिळाल्यासारखा वाटला. बाजार मात्र वेगळंच सांगत होता: ही कमाई टिकणार नाही. २०२२-२३ मध्ये नफा ८,००० कोटींच्या आसपास आला. २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधल्या आणि नेदरलँड्समधल्या पोलाद कारखान्यांच्या ओझ्यामुळे कंपनी तोट्यात गेली. तोट्याला पीई नसतो. आणि याच काळात शेअरचा भाव मात्र वाढला: एका शेअरचे दहा अशी विभागणी झाल्यानंतर शंभरच्या आसपास असलेला शेअर मार्च २०२४ मध्ये दीडशेच्या पुढे होता. पीई तीन असताना कमाई ओसरायला लागली, पीई नाहीसा झाला तेव्हा भाव चढत होता. झेंडूच्या शेताची किंमत दसऱ्याच्या आठवड्यातल्या पट्टीवरून ठरवली तर जे होईल, ते अशा कंपन्यांत पुन:पुन्हा होतं. चढउताराच्या धंद्यात पीई सर्वांत कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना, म्हणजे सर्वांत सावध राहायच्या वेळी.

साखरेच्या कंपन्यांबाबत हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. पाऊस, उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत (एफआरपी), साखरेचा दर आणि इथेनॉल, चारही गोष्टी कंपनीच्या हातात नसतात. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि बाजारात नोंदलेल्या साखर कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी कोसळले. आदल्या दिवशीचा पीई ज्या कमाईवर काढला होता, ती कमाई एका आदेशाने जुनी झाली.

या अडचणीवर उपाय जुनाच आहे. अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी अ‍ॅनॅलिसिस’ हा ग्रंथ लिहिला. १९२९ च्या पडझडीची झळ तेव्हा ताजी होती. एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नका, पाच, सात, शक्यतो दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी काढा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे रॉबर्ट शिलर यांनी दहा वर्षांची कमाई महागाईशी जुळवून घेऊन तिच्याशी आजचा भाव ताडून पाहण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकी बाजाराचा हा दहा वर्षांचा पीई २००० च्या आरंभी चव्वेचाळीसच्या आसपास होता, इतिहासात तोवर कधी नव्हता इतका. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

पूर्ण बाजाराचाही पीई असतो आणि तोही तारखेशिवाय निरुपयोगी आहे. निफ्टी निर्देशांकाचा पीई जानेवारी २००८ मध्ये अठ्ठावीसच्या आसपास होता, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अकराच्या आसपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो चाळिशीच्या पुढे गेला, कारण टाळेबंदीत कंपन्यांची कमाई आटली होती आणि भाव त्याआधीच सावरले होते. मग ३१ मार्च २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराने हिशेबाची रीत बदलली. आधी फक्त मूळ कंपनीची कमाई धरत, आता उपकंपन्यांसह एकत्रित कमाई धरू लागले. पीई एका रात्रीत चाळीसवरून तेहतीसवर आला. शेअर स्वस्त झाले नव्हते, खालचा आकडा मोठा झाला होता. आजही जुन्या आणि नव्या रीतीचे आकडे एकाच आलेखावर ओढून ‘बाजार स्वस्त की महाग’ असं सांगणारे चित्रफिती बनवतात, आणि पाहणाऱ्याला मधला सांधा दिसत नाही.

तेव्हा कंपनी कोणतीही असो, कागदावर दहा वर्षं एकाखाली एक लिहावीत. प्रत्येक वर्षापुढे निव्वळ नफा, एका शेअरमागची कमाई, मार्चअखेरचा भाव आणि त्यावरून निघणारा पीई. नफा सहसा एकत्रित ताळेबंदातला घ्यावा आणि अपवादात्मक बाबी बाजूला काढाव्यात. बोनस किंवा विभागणी झाली असेल, तर जुन्या वर्षांची शेअरमागची कमाई आणि भाव नव्या हिशेबात बसवावेत. मग दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत: कमाई कशी गेली आणि पीई कसा गेला. कमाई दुप्पट आणि पीई तोच असेल, तर भाव कमाईने वाढवला. कमाई तेवढीच आणि पीई दुप्पट असेल, तर लोकांच्या अपेक्षेने. पीई तिप्पट झालेल्या शेअरचा गेल्या पाच वर्षांचा परतावा दाखवून कोणी टीप देत असेल, तर पुढच्या पाच वर्षांत पीई पुन्हा तिप्पट होणार आहे का, हे त्याला विचारलं पाहिजे. तुलना करायची ती त्याच धंद्यातल्या कंपन्यांशी. विप्रोची टीसीएस किंवा इन्फोसिसशी करावी, टाटा स्टीलशी नव्हे.

यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमाप्रमाणे बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्हींच्या संकेतस्थळांवर ते फुकट पाहता येतात, आणि अनेक कंपन्यांच्या वार्षिक अहवालात मागच्या काही वर्षांचे आकडे एकत्र छापलेले असतात. मार्चअखेरच्या वर्षाचे निकाल ३० मेपर्यंत हाती येतात. दहा वर्षांच्या तक्त्यात नवी ओळ भरून सर्वांत जुनी ओळ खोडायची ती तेव्हा.